शब्दचर्चा : ‘गोपनीयता’ म्हणजे लपवणं की राखणं?

उत्तर गोव्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी परिचारिका आहे. व्यावसायिक नीतीच्या प्रशिक्षणासाठी मराठी टिपणं करायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी ‘गोपनीयता’पाशी अडले आहे.

मागच्या बैठकीत सगळ्यांना अर्थ विचारला. कुणी म्हणालं, केसपेपर कपाटात कुलूपबंद ठेवणं. कुणी म्हणालं, एचआयव्हीच्या पेशंटाचं नाव बाहेर न सांगणं. दोन्ही बरोबर. पण त्याच आठवड्यात एका सुनेला दिवस गेल्याचं आमच्यातल्याच एकीने तिच्या सासूला बाजारात सांगून टाकलं, आनंदाची बातमी म्हणून. त्या मुलीचं अजून काहीच ठरलं नव्हतं. सहकारीण मनापासून म्हणाली, “ह्यात लपवण्यासारखं काय होतं? आणि सासू घरचीच ना?” तिच्या मनात गोपनीय म्हणजे लाजेचं. ‘गुप्तरोग’ ही पाटी वाचतच आपण मोठे झालो, मग वेगळं काय होणार? दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद, फोंडा (संस्कृतचा शिक्षक आहे) :
ताई, शब्द टाकू नका, त्याचं मूळ सांगा. ‘गुप्’ धातूचा पहिला अर्थ रक्षण करणे. गोप्ता म्हणजे रक्षणकर्ता, चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने रक्षिलेला. लपवणं हा अर्थ त्यातूनच फुटला, कारण जे जपायचं ते माणूस आड ठेवतो. तेव्हा गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. ते लाजेचंच असलं पाहिजे असं नाही, आनंदाचंही असेल.

तुमच्या सहकारिणीच्या ‘घरचीच ना’चं मूळही जुनं आहे. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या भागात वैद्याच्या शिष्याला बजावलंय की रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नकोस. तिथला शब्द ‘आतुरकुल’, म्हणजे रोग्याचं सगळं घर. तो नियम घराला गावापासून राखतो. आजचा नियम माणसाला त्याच्या घरापासूनसुद्धा राखतो. हा फरक टिपणात यायलाच हवा.

प्रतिसाद, डिचोली :
‘वाच्यता करू नये’ हे सगळ्यांना कळतं. आमची आजी म्हणायची, “पोटात ठेव.”

प्रतिसाद, म्हापसा (समुपदेशक) :
गोव्यात हा शब्द स्वस्त नाही. डॉमिनिक डिसोझा यांना 1989 साली इथे म्हापशातच, गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली, एचआयव्ही आहे म्हणून 64 दिवस डांबून ठेवलं होतं. त्यांनी केलं काय होतं, तर रक्तदान. रक्ताचा अहवाल त्यांच्या हाती येण्याआधी पोलिसांच्या हाती गेला. आज 2017 चा एचआयव्ही कायदा, त्यातच सांगितलेले अपवाद सोडता, माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करू देत नाही आणि कुणाची स्थिती उघड करू देत नाही.

पण ‘कुणालाच सांगायचं नाही’ असंही शिकवू नका. टीबीची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे. ती नोंद म्हणजे वाच्यता नव्हे. तोच टीबी चहाच्या गाड्यावर सांगितला की झाली वाच्यता.

म्हणून मला ‘राखण’ आवडतो. आपल्या गावात राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राखणदार गावाची सीम राखतो. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे त्याला कळतं.

मूळ लेखिका :
सर, ‘आतुरकुल’ वाचून दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. आमच्याकडे तेच होतं. फाइल कुलपात असते, आणि नवरा दारात आला की आम्ही तोंडी सगळं सांगतो. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने बाईचं नाव उघड करायला बंदी आली. सज्ञान बाईला नवऱ्याची संमती तर त्याआधीही लागत नव्हती. तरी “मिस्टरांना घेऊन ये” हे वाक्य तोंडात बसलेलंच आहे, माझ्याही.

टिपणात आता असं लिहिलंय : ‘गोपनीयता म्हणजे राखण. पेशंटाने सांगितलेलं आणि तपासणीत कळलेलं त्याचं स्वतःचं असतं. उपचारासाठी किंवा कायद्याने लागेल तेवढंच, लागेल त्यालाच सांगावं. घरच्यांना सांगण्याआधी पेशंटाला विचारावं.’

एकच अडचण उरली. सासू काउंटरवर येऊन “सुनेचं काय निघालं गो?” असं प्रेमाने विचारते, तेव्हा तिला न दुखावता म्हणायचं एक वाक्य हवंय. “तिलाच विचारा” म्हटलं तर तुटक वाटतं, शिवाय काहीतरी निघालंय हे कळतंच. तुमच्याकडे काय म्हणतात?