स्टेंट टाकून पाच हप्ते झाले, बाबांच्या छातीत अजून भारी वाटते. काय करावं? (बजेट ३००० च्या आत)

घाटंजीचा_पोरगा:
बाबा ६७ वर्षांचे. अटॅकनंतर नागपूरला अँजिओप्लास्टी झाली, जनआरोग्य योजनेत. एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूची नळी) एक स्टेंट. पाच हप्ते झाले तरी मधे मधे छातीत भारी वाटते म्हणतात. कधी जेवून खाटेवर पडले की, कधी वावराकडं निघाले की नाल्याच्या चढावर. उभे राहिले की दहा मिनिटांत जाते. गोळ्या: इकोस्प्रिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, अॅटोर्वास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल, अन् लागली तर सॉर्बिट्रेट ५. अॅसिडिटीसाठी दुकानातून ओमेप्राझोल आणली आहे. बीपीचं मशीन कोणतं घ्यावं? अन् तूर निघेपर्यंत थांबलं तर चालेल का? ३००० च्या वर जमत नाही.

पांढरं_सोनं:
मनगटाचं मशीन घेऊ नका भाऊ, दंडाचंच घ्या. ओमरॉनचं दोन हजाराच्या आसपास येते. आधी टेपानं दंडाचा घेर मोजा. साधा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. दंड त्याहून जाड असला तर बीपी उगाच जास्त दाखवते. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा काही नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा.

धरमपेठ_७७:
मशीनच्या भानगडीत पडूच नका. इसीजीवालं घड्याळ घ्या, पंचवीस-तीस हजारात चांगलं मिळते. घरबसल्या हृदयाचा आलेख येतो, मोबाइलवर साठून राहतो, डॉक्टरला पाठवता येतो. एकदाच खर्च.

इसीजी_टेक्निशियन:
घड्याळात एकच लीड असते, म्हणजे ते हृदयाकडं एकाच बाजूनं बघते. ठोके अनियमित असले तर ते दाखवेल. पण एलएडीतली अडचण छातीवर लावलेल्या व्ही१ ते व्ही४ या लीडमध्ये दिसते, अन् त्या घड्याळात नसतात. आलेख नॉर्मल दिसला म्हणून माणूस घरी बसला तर नुकसान होईल. १२ लीडचाच इसीजी काढा, तोही दुखत असताना. दुखणं गेल्यावर काढलेला इसीजी साफ येऊ शकतो. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला त्या वेळचा इसीजी सोबत ठेवा, कारण अटॅकच्या खुणा पुढंही राहतात. जुना जवळ नसला तर नवीन कोणतं अन् जुनं कोणतं ते कळत नाही. इसीजीचा कागद उष्णतेनं अन् प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा पडतो, म्हणून झेरॉक्स किंवा फोटो काढून ठेवा.

दिग्रस_दादा:
एवढं घाबरू नका. स्टेंट टाकल्यावर शीर ताणली जाते, सहा महिने दुखतेच. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या, लसणाच्या कॅप्सूल सुरू करा.

सिस्टर_वर्धा:
दादा, शीर ताणल्याचं दुखणं पहिल्या दिवशी असते, फार तर काही दिवस. पाच हप्त्यांनी चढावर येणारं अन् थांबलं की जाणारं दुखणं त्या खात्यात टाकता येत नाही. सालीनं स्टेंटमधली गाठ थांबत नाही. लसणाच्या कॅप्सूल इकोस्प्रिन अन् क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांसोबत घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतला लसूण चालते.

आता धागाकर्त्यासाठी. तुम्ही दोन दुखणी एकत्र लिहिली आहेत, ती वेगळी करा. बाबांना "कुठं दुखते" विचारा अन् हाताकडं बघा. एका बोटानं नेमकी जागा दाखवली, तिथं दाबलं की दुखलं, तर बहुतेक फासळीचं किंवा स्नायूचं. अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवून "इथं भारी" म्हटलं तर हृदयाचंच समजून चाला. खोल श्वासानं वाढते, उताणं झोपल्यावर वाढते अन् पुढं वाकलं की कमी होते, तर हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते. जेवून आडवं पडल्यावर जळजळ अन् आंबट ढेकर असेल तर अॅसिडिटी. पण पोटभर जेवणानंतर हृदयाचं दुखणंही लवकर उठते. म्हणून जेवणानंतरचं सगळं पित्तावर ढकलू नका. थंडीतही तसंच, सकाळी गार वाऱ्यात चढ नको.

सॉर्बिट्रेट अशी द्यायची: आधी बसवायचं, उभ्यानं नाही, चक्कर येऊन पडतात. गोळी जिभेखाली, पाण्यासोबत गिळायची नाही. वरचं बीपी १०० च्या खाली असेल तर देऊ नका. ताकदीच्या नावानं मिळणाऱ्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या २४ तासांत घेतल्या असतील तरी नाही, बीपी एकदम कोसळते. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर १०८. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, हात-जबड्यात गेलं, दम लागला, तर गोळीची वाट बघायची नाही, सरळ १०८. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

औषधवाला_दारव्हा:
कोणाचं लक्ष गेलं नाही, ओमेप्राझोल! क्लोपिडोग्रेल यकृतात ज्या एन्झाइमनं कामाला लागते, तेच ओमेप्राझोल अडवते. गोळी पोटात जाते पण असर कमी पडतो, अन् स्टेंट नवा आहे. इसोमेप्राझोलचंही तेच. पॅन्टोप्राझोलचा हा त्रास फार कमी, त्यामुळं बहुतेक तीच लिहितात. आजच दवाखान्यात फोन करून बदलून घ्या. इकोस्प्रिन अन् क्लोपिडोग्रेल मात्र एक दिवसही बंद नाही, दात काढायचा असला तरी. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयबुप्रोफेनची गोळी गावात कोणी दिली तरी घेऊ नका.

धरमपेठ_७७:
मग सरळ सीटी अँजिओ (स्कॅनवर हृदयाच्या नळ्या बघतात ते) करून टाका, कटकट मिटते.

इसीजी_टेक्निशियन:
भाऊंनी ३००० सांगितले आहेत. शिवाय ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलं सीटीत नीट दिसत नाही, धातूची चमक येते. त्यासाठी शिरेतून डाय (रंगाचं औषध) द्यायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागते. ज्यांनी स्टेंट टाकला ते इसीजी अन् टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून ठरवतील. डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या नळीबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

घाटंजीचा_पोरगा:
आता काढलं कार्ड. "आरसीए ७०%, स्टेज्ड पीसीआय, फॉलोअप आफ्टर फोर वीक्स" असं आहे. आम्हाला वाटलं एकच ब्लॉक होता. बाबांनी पंजाच ठेवून दाखवलं. दाबलं तर दुखत नाही.

सिस्टर_वर्धा:
म्हणजे उजवी नळी (आरसीए) ७० टक्के बंद आहे, तिची अँजिओप्लास्टी (पीसीआय) दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवली आहे अन् तारीख निघून गेली. तुरीपर्यंत थांबू नका, याच हप्त्यात जा. आधीपेक्षा कमी चालण्यात दुखायला लागलं किंवा दिवसातून जास्त वेळा आलं तर त्याच दिवशी. तोवर १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर नको, भरलेला वीस किलोच्या घरात जातो.

सेवाग्राम_रोड:
जिथं ऑपरेशन झालं तिथंच जा, अन् गेल्या गेल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) भेटा. योजनेत फॉलोअपचं पॅकेज असते, ते विचारा. आधी योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन केला तरी चालते. सोबत न्या: रेशनकार्ड, आधार, डिस्चार्ज कार्ड, अँजिओची सीडी. सीडी विसरू नका, नाहीतर रिपोर्टातल्या आकड्यावरच बोलणं होते. एका कागदावर लिहून न्या: दुखणं किती वाजता आलं, काय करत होते, किती मिनिटं राहिलं, सॉर्बिट्रेट लागली का.

पांढरं_सोनं:
अन् दंडाचंच मशीन घ्या, मनगटाचं नाही. सेलसोबत अॅडॉप्टरही घ्या.

दिग्रस_दादा:
मशीन तर पाहिजेच. दंडाचं घ्या. गाडी भाड्यानं करून जा, बसमध्ये नेऊ नका.

घाटंजीचा_पोरगा:
सगळ्यांचं वाचलं. मशीन घेत नाही. उपकेंद्रात सिस्टर फुकट मोजून देतात, तोवर ते पुरते. ते दोन हजार गाडीत जातील, परवा सकाळी नागपूर. तूर मावसभाऊ पाहून घेईल. दवाखान्यात फोन लागला, ओमेप्राझोल बंद करून पॅन्टोप्राझोल घ्यायला सांगितली, आणली. जुना इसीजी पेटीत प्लास्टिकमध्ये होता, अर्धा पांढरा पडला आहे. व्ही१ ते व्ही४ च्या रेषा अजून दिसतात, उजेडात धरून फोटो काढला.