स्वयंपाकाची वाटणी: पदार्थ नको, अख्खी वेळ वाटा

घरात स्वयंपाक कोण करतं, असं विचारलं की 'आमचे हे मदत करतात' किंवा 'चहा मीच करतो की' एवढ्यावर थांबू नका. कोण काय करतं आणि नेमकं कुठे अडतं ते आधी कागदावर लिहून काढा. माहितीपुरतं: 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. आणि ते करणारे पुरुष मुळात शंभरात 26.

*

पदार्थ वाटले की फसतं. 'भाजी माझी, पोळ्या तुझ्या' ठरलं की भाजीवाला वीस मिनिटांत सुटतो, पोळ्यांवाली पाऊण तास ओट्यापाशी. म्हणून अख्खी वेळ वाटा. ज्याची बुधवारची रात्र, त्याच्याकडे 'आज काय?' इथपासून ओटा पुसण्यापर्यंत सगळं. मटकीची उसळ करायची तर मटकी मंगळवारी सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा बुधवारी मोड दिसतात. विरजणही त्याचंच: अर्धा लिटर दूध, बोटाला सोसेल इतपत कोमट, एक चमचा दही. 'सांगितलं असतंस तर केलं असतं' हे वाक्य नेमकं या आदल्या दिवशीच्या कामांवरून निघतं.

*

'पोळ्या जमत नाहीत' ही पुरुषांची आवडती पळवाट. दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, पाऊण वाटी पाणी. पाणी थोडंथोडं घाला. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. सात-आठ पोळ्या होतात. कडक झाल्या तर कणीक घट्ट भिजली किंवा तवा मंद होता, पोळी त्यावर वाळत बसली. फुगत नसेल तर कडा जाड राहिल्यात किंवा लाटताना घडी पडलीय. नकाशे झाले तरी पोटात गोलच होतात.

*

रविवारचं मटण 'पुरुषांचं' असतं म्हणे. वाटण कुणाचं, ते विचारा. करायचं तर पूर्ण करा: कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजा. कांद्याला वेळ लागतो, तोवर खोबरं करपतं आणि रस्सा कडवट होतो. मिक्सरचं भांडं लगेच पाण्यानं भरून ठेवा. आणि पातेल्यातला तेलकट थर सोमवारी सकाळपर्यंत 'भिजत' ठेवायचा नाही!

*

सासूबाई किंवा आई 'त्याला नको सांगूस, मीच लावते कुकर' म्हणतात, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा: तूरडाळ एक वाटी, पाणी तीन, तांदूळ एक वाटी, पाणी दोन, कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, चार शिट्ट्या. मग पदोपदी कुणाला विचारावं लागत नाही. शिट्टी होत नसेल तर आधी रिंग बघा, मग शिट्टीच्या नळीत अडकलेली डाळ. तळाचं पाणी विसरलं की सेफ्टी व्हॉल्व्ह जातो, नवा आणायचं कामही विसरणाऱ्याचंच.

*

शेवटचं एकच. डब्यात शेवटची मूठ उरली की यादीत लिहायचं, ते ज्यानं मूठ काढली त्यानं. यादी फ्रीजच्या दारावर ठेवा. फोनमध्ये ठेवली की ती एकाचीच होते.