गच्चीवरची गाणी (सोसायटी ग्रुप, रविवार)

मुळे काका ए-१०२: सर्वांना नमस्कार. काल गच्चीवर परत तेच. सव्वादहापर्यंत कराओके. नातवाची आज सकाळी कोचिंगची टेस्ट होती. कृपया दखल घ्यावी 🙏

शुभांगी सी-३०१: काका, माइक दहाच्या आत बंद केला होता. नंतर नुसत्या टाळ्या.

मुळे काका: टाळ्या नव्हत्या, भजन होतं. सुरात असतं तर बोललोही नसतो.

शिरीष: आला बाहेर खरा मुद्दा 😂

वैद्य सी-१०१: २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद.

मुळे काका: शिरीष, हसण्यावारी नेऊ नकोस. युनेस्कोनं २०२३ मध्ये आपल्या ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलंय. गायचं तर शिकून गावं. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून आहे, काल उघडलं नाही.

सुलभा आत्या बी-२०४: या वयात ॲडमिशन देतील का हो?

शिरीष: आत्या, तानसेनच्या मकबऱ्यापाशी चिंचेचा पाला खा. गळा गोड होतो म्हणतात.

सुलभा आत्या: लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी खायला लावला. दात आंबले, गळा तोच.

मेघना ए-४०३: गच्चीवरून आठवलं, आज टाकी रिकामी. मोटर कोणी लावलीच नाही का?

देव सेक्रेटरी: पाण्याचा ग्रुप वेगळा आहे.

मेघना: तिथं तुम्ही उत्तर देता कुठे?

वैद्य: रात्री १० ते सकाळी ६. वर दिलंय.

मुळे काका: सूचना अशी की गणपतीत निवडक चार-पाच जणांनीच गावं. बाकीच्यांनी ऐकावं.

सुलभा आत्या: ऐकायला मी डिसेंबरात तानसेन समारोहाला जाते की. शाल गुंडाळून गप्प बसते. गच्चीवर मला गायचंय. भदौरिया भाभी इतकी वर्षं समोर राहतात, नमस्तेपलीकडे बोलणं नव्हतं. परवा त्यांनी लग्नातली गारी म्हटली, म्हणजे व्याह्यांना चिडवायचं गाणं, व्याह्याच्या मिशीपासून पार धोतरापर्यंत सगळं काढलं. हसून हसून माझी कवळी हातात आली. काल डबा घेऊन आल्या, दारातच तासभर बोललो.

शिरीष: कवळीचा फोटो नको हं 🙏

मुळे काका: गाऊ नका म्हणत नाही मी. ट्रॅक मूळ पट्टीतला, सुलभाताईंचा आवाज खालचा. वर पोहोचत नाहीत म्हणून ओरडल्यासारखं होतं, आणि माइक तेच चौपट करतो. माइक काढा, पट्टी उतरवा. दहाजण एकदम गायले की एखादा सूर इकडेतिकडे झालेला खपून जातो.

शुभांगी: मग शनिवारी पेटीवर पट्टी धरायला येता का?

मुळे काका: पट्टी सांगितली. येतो म्हटलेलं नाही.

शुभांगी: पेटी आमच्याकडे नाहीये, म्हणून विचारलं.

मुळे काका: माझी आहे. भाता जरा फाटलाय. बघू.

वैद्य: पेटीलाही दहाचाच नियम धरावा.

सुलभा आत्या: वैद्य, तुम्ही नऊला या, दहाला आम्हाला उठवा.

मेघना: टाकीचं काय?

देव सेक्रेटरी: टँकर सांगितलाय. पैसे विंगवार.

मेघना: विंगवार का?? बी विंगची मोटर नाही लावली कोणी, पैसे आम्ही द्यायचे?