युगांडात सोरोटीजवळ मिशनच्या कामासाठी ३ वर्षे: घर आणि हातपंप

नगरकर_दांपत्य:
सलाम. मंडळीतर्फे (चर्चतर्फे) आम्ही दोघे आणि २ मुले (वय ६ आणि १०) पूर्व युगांडात, सोरोटीच्या आतल्या एका गावात जात आहोत. काम दोन प्रकारचे: बंद पडलेले हातपंप चालू ठेवणे आणि बायकांचे बचतगट. पंप म्हणे आपल्याच इंडिया मार्क २ चे आहेत. सुटे भाग इथूनच बॅगेत भरून न्यावेत का? घराचेही सांगा, विशेषतः मुलांच्या दृष्टीने.

सिगडी:
घराचे मी सांगते.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, मुलांनाही, आणि निघण्याच्या किमान १० दिवस आधी. तिथे उतरताना दाखला मागतात, आणि परतताना तो नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात.

मलेरिया तिथे बारमाही. औषधी मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती लोंबती ठेवायची नाही. ताप आला की त्याच दिवशी चाचणी. गोळ्यांचा कोर्स ३ दिवसांचा, ६ मात्रांचा असतो. त्या स्निग्ध पदार्थाबरोबर घ्याव्या लागतात (दूध, शेंगदाणे), नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवणे ही नेहमीची चूक. प्रतिबंधाची गोळी इतकी वर्षे घ्यायची का आणि मुलांच्या वजनाला किती, हे आधी डॉक्टरांना विचारा.

बाहेर वाळत घातलेले सगळे कपडे, अगदी अंतर्वस्त्रेसुद्धा, शिवणीवर जोर देऊन इस्त्री करा. तिकडे एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. वीज जाते, म्हणून कोळशाची इस्त्री हवीच. क्योगा सरोवराच्या उथळ पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, गोगलगायींमधून येणाऱ्या कृमींचा धोका असतो. पिण्याचे पाणी खळखळून १ मिनिट उकळले की पुरे.

खाण्याची चिंता नको. तिथल्या तेसो लोकांचे रोजचे अन्न ‘अतप’ म्हणजे नाचणीच्या पिठाचे घट्ट उकडलेले गोळे. त्यात कसावा किंवा ज्वारीचे पीठ मिसळतात. शेंगदाणे आणि तीळही भरपूर. तूरडाळ आणि मसाले कंपालातून आणावे लागतात.

विहीरवाला:
भाग नेऊ नका, निदान आधी नाही. युगांडात मार्क २ ला ‘यू २’ आणि मार्क ३ ला (त्याची सुधारित आवृत्ती) ‘यू ३’ म्हणतात. मूळ आपल्याकडचेच: जालना पंप आणि सोलापूर पंप मिशनच्या बोअर-कामातून आले, आणि सोलापूरच्या रचनेवरून १९७० च्या दशकात मार्क २ घडला. म्हणून आपले सुटे भाग तिथे जसेच्या तसे बसतील असे मात्र धरू नका. तिथे जिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांची संघटना असते. आधी त्यांना भेटा, हत्यारे त्यांच्याकडे असतात.

बिघाड हँडलवरून ओळखा. हँडल एकदम हलके आणि पाणी नाही: हँडलला खालच्या सिलिंडरशी जोडणारी सळई सुटली. पाणी येते पण रोज थोडे कमी: सिलिंडरमधले वॉशर झिजले. पाणी येईपर्यंत बरेच हात मारावे लागतात: खालचा व्हॉल्व्ह गळतो किंवा पाइपचा जोड. खात्री करायची तर पाणी आले की हँडल सोडून अर्धा तास थांबा, मग पुन्हा पाणी येईपर्यंतचे हात मोजा. ५-६ च्या वर गेले तर गळती आहे. हँडल आडवे डुलते: बेअरिंग किंवा आसाची नट.

मार्क २ चे खरे दुखणे वजन. वॉशर बदलायलाही सगळे पाइप वर काढावे लागतात. ४५ मीटरला ३ मीटरचे १५ पाइप, पाण्यासकट २०० किलोच्या वर. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प आणि ४-५ माणसे नसतील तर हात लावू नका. पाइप निसटून बोअरमध्ये पडला की बोअर गेलाच समजा.

पाइप पुन्हा उतरवले की क्लोरीन हवेच. ६ इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी. ३० मीटर पाणी असेल तर ५४० लिटर, त्याला ६५ टक्के क्लोरीनची पावडर ४० ग्रॅम. आपल्याकडच्या ३३ टक्के ब्लीचिंगची दुप्पट लागते, इथे लोक हमखास फसतात. बादलीत विरघळवून ओता, हँडल बांधून रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत उपसा.

नगरकर_दांपत्य:
एका पंपाला सकाळी लालसर पाणी येते असे कळवले आहे. बोअर खराब?

विहीरवाला:
आधी अर्धा तास सलग उपसून पाहा. पाणी स्वच्छ झाले तर दोष बोअरचा नाही, पाइपचा. आम्लधर्मी पाण्यात जस्ताचा मुलामा जातो आणि रात्रभरात गंज साचतो. नवे जस्ती पाइप टाकलेत तर पुन्हा तेच. स्टेनलेस स्टील किंवा प्लॅस्टिकचे पाइप घ्या. उपसूनही लालच राहिले, तर लोह जमिनीतूनच येते आहे.

तीन_कुलपे:
पंप बंद पडतो तो बहुधा पैशामुळे. वर्गणी पंप बिघडल्यावर मागायची नाही; महिन्याला घरटी ठरलेली रक्कम, आणि वॉशर-सेटचे पैसे कायम शिलकीत.

बचतगट मात्र आपल्या पद्धतीचा काढू नका. तिथे १५ ते २५ जणींचा गट, बँक नाही, लोखंडी पेटीला ३ कुलपे आणि किल्ल्या ३ वेगळ्या बायांकडे. (हा नमुना १९९१ साली नायजरमध्ये सुरू झाला.) प्रत्येकीने बैठकीला ठरलेल्या रकमेचे १ ते ५ हिस्से घ्यायचे, वहीत शिक्के. ९ ते १२ महिन्यांनी सगळे पैसे व्याजासकट वाटून गट नव्याने सुरू. आपल्याकडचे लोक वाटप टाळून रक्कम वाढवू पाहतात, तिथेच भांडणे होतात. वाटप पेरणीच्या तोंडावर, मार्चच्या पावसाआधी ठेवा. बियाण्याला पैसे लागतात तेव्हाच. आणि पंपाची वर्गणी या पेटीत कधीच नाही, तिची पेटी वेगळी.