धाकट्या भावाला टाइप १ मधुमेह आहे, रेसच्या वैद्यकीय फॉर्मवर काय लिहावं? मदत हवी आहे

माझा धाकटा भाऊ हौशी कार रेसिंगमध्ये उतरतोय. वय ३४, बारा वर्षांपासून टाइप १ मधुमेह, इन्सुलिन पेनने घेतो. पिटमध्ये मी त्याच्यासोबत असते. टायरची हवा, इंधन, लॅपच्या वेळा सगळं मीच बघते.

मागच्या सरावात वीस मिनिटांचं सेशन संपवून तो उतरला आणि त्याला हेल्मेटचा पट्टाच सोडवता येईना. बोटं थरथरत होती. आधी वाटलं, उकाड्याने थकला असेल. तपासलं तर शुगर ५८! गाडीत बसताना १४२ होती. ज्यूस पाजला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सावरला होता. पण शेवटच्या दोन लॅप त्याला आठवतच नव्हत्या. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

आता पहिल्या स्पर्धेचा फॉर्म आलाय. त्यात मधुमेहासमोर हो किंवा नाही अशी खूण करायची आहे. भाऊ म्हणतो, 'हो' लिहिलं की घरी बसवतील. मला हे अजिबात पटत नाही. उद्या अपघातानंतर तो बेशुद्ध सापडला, तर डॉक्टर डोक्याचा मार शोधत बसतील, साखर बघायचं कुणाला सुचणार? आणि वळणावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या मार्शलचा काय दोष?

अमेरिकन रेसचालक चार्ली किंबॉलला २००७ मध्ये टाइप १चं निदान झालं, तरी २०१३ मध्ये त्याने अमेरिकेतल्या इंडीकार या कार रेसिंग मालिकेतली मिड-ओहायोची रेस जिंकली. साखरेचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असायचा आणि गोड पेयाची नळी हेल्मेटपर्यंत आणलेली होती. म्हणजे रस्ता आहे. आम्हाला तो कसा सापडेल? आणखी एक, भावाचं हेल्मेट मोटरसायकलचं आहे, चालेल का?

प्रतिसाद:
ताई, मी रेसच्या वैद्यकीय पथकात काम करतो. 'हो'च लिहा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांचं पत्र जोडा. त्यात ५८चा प्रसंगही येऊ द्या. लॅप आठवत नाहीत ही साधी गोष्ट नाही, डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्याला गाडीत बसवू नका. रेसच्या ताणात अ‍ॅड्रेनलिनमुळे कधीकधी साखर चढते. ती बघून घाईने इन्सुलिन घेतलं तर नंतर ती झपाट्याने उतरू शकते, हे डॉक्टरांशी नीट बोला. त्वचेवर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर लावणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, आणि दंडावरचा सेन्सर सीटच्या कडेला दाबला गेला तर खोटा कमी आकडा दाखवतो.

मोटरसायकलचं हेल्मेट नको. कारसाठी हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेचा 'एसए' शिक्का असलेलं घ्या, त्यात आगीची चाचणी असते. मानेसाठी हॅन्सही घ्या, म्हणजे धडकेत डोकं पुढे झटकू न देणारं, खांद्यांवर बसणारं साधन, पण साध्या तीन टोकांच्या बेल्टवर त्याचा उपयोग नाही, दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस लागतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या रेसमध्ये चालक डेल अर्नहार्ट गेला तो कवटीचा तळ फुटून, आणि त्याने हॅन्स लावलेलं नव्हतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता, मग त्याने स्वतःच 'हो'वर खूण केली. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. सेन्सर पोटावर लावला तर कमरेच्या पट्ट्याखाली दबेल का? हार्नेस वापरणाऱ्या कुणी मधुमेही चालकाने सांगितलं तर बरं होईल.