पॉलिटिक्स अँड वॉर : १० शहरं झाली, तरी अन्न मायनस अन् फौज कच्ची

धुऱ्यावरचा (घाटंजी)
ऑनलाईन देश चालवायचा हा गेम, माझी दहा शहरं. प्रत्येक शहरात इन्फ्रा (शहरातलं बांधकाम) १५००, लँड (जमीन) ८००. म्हणजे इमारतींना ३० जागा, स्लॉट. त्यात कोळशाचे पॉवर प्लांट ३, फार्म ८, बॅरॅक्स (सोल्जरच्या बराकी) ५, हॉस्पिटल २, बाकी मार्केट, बँक, स्टील मिल वगैरे. प्लेनचा हँगर एकही नाही. अन्न रोज विकत घ्यावं लागते. आधी इन्फ्रा २००० करू का लँड घेऊ? अन् प्लेन पाहिजेतच का?

कोठीवाला (रिसोड)
इन्फ्राला सध्या हात लावू नको भाऊ. एकरात कपाशी दाट लावली की हवा खेळत नाही, तसंच झालंय तुझं. इन्फ्रा × १०० म्हणजे दीड लाख लोक, भागिले ८०० म्हणजे घनता १८७. रोगाचं गणित घनतेच्या वर्गावर चालते. तुझ्याकडे नुसत्या घनतेचाच रोग सव्वातीन टक्क्यांच्या आसपास बसतो, म्हणून दोन हॉस्पिटल लागले. लँड १५०० केली की घनता १००, रोग पाऊण टक्का. एक हॉस्पिटल एकूण २.५ टक्के खाली आणते, तेव्हा दुसऱ्याचा स्लॉट मोकळा होतो. ३००० पर्यंत नेली तर हा भाग शून्य होईल, पण रोगासाठी तेवढे पैसे घालण्यात अर्थ नाही.

फार्मला मात्र लँड सरळ लागू पडते. एक फार्म दर टर्नला लँड भागिले ५०० इतकं अन्न देतो, टर्न दोन तासांचा, दिवसाचे १२. त्यात एका शहरात २० फार्म केले की बोनस धरून उत्पादन दीडपट. लँड २००० असेल तर २० फार्मचे दिवसाला १४४०. तेच दोन शहरांत १०-१० वाटले तर मिळून ११८८ च. म्हणून दोन-तीन शहरं शेतीची ठेव, बाकीच्यातले फार्म काढून टाक. गेमच्या कॅलेंडरात हिवाळा आला की उत्पादन २० टक्के घटते, तेवढा साठा आधी ठेव. आपल्याकडे तेव्हा शेतात हरभरा उभा असतो, पण गेमवाल्याला रब्बी माहीत नाही.

पांदण_०७ (मोर्शी)
पॉवरचं राहिलं. कोळशाचा एक प्लांट ५०० इन्फ्रा ओढतो, न्यूक्लिअर २०००. एक न्यूक्लिअर बसवला की तुझे दोन स्लॉट वाचतात, प्रदूषणही जाते. फक्त युरेनियम संपू देऊ नको. अन् इन्फ्रा २०५० करून प्लांट एकच ठेवला की लाईट गेली समज. मार्केट, बँक सगळं बंद. जोडीला एक विंड प्लांट लाव, तो २५० ओढतो.

आता फौज. पाच बॅरॅक्स × ३००० × १० म्हणजे दीड लाख सोल्जर. शांततेत ७५० सोल्जरमागे एक अन्न, म्हणजे रोज २००. लढाईत ५०० मागे एक, म्हणजे ३००. आणि एवढे सोल्जर एकही प्लेन पाडू शकत नाहीत. हवाई हल्ल्याला उत्तर फक्त प्लेनचं. समोरच्यानं आकाश धरलं की तुझे टँकही बोथट.

बॅरॅक्स एका दिवसात १००० भरती करते, तीन दिवसांत भरली. हँगर दिवसाला ३ च प्लेन देतो, भरायला पाच दिवस. लढाईच मुळी ६० टर्न, म्हणजे पाच दिवस चालते. तोवर प्लेन बनवत बसशील तर काय उरणार? शांततेत ०/२/५/० ठेव : दर शहरात बॅरॅक्स ०, टँकची फॅक्टरी २, हँगर ५, जहाजांचा ड्रायडॉक ०. बॅरॅक्स ऐनवेळी बांधता येतात.

धुऱ्यावरचा
हे जमलं. पण लढाई लागल्यावर दिवसभर ऑनलाईन राहणं शक्य नाही, इकडे नेट अन् लाईन दोन्हीचा भरोसा नाही.

पांदण_०७
दिवसभर नाही लागत. लढाईच्या सुरुवातीला हल्ल्याचे ६ पॉइंट, दर दोन तासांनी एक, जास्तीत जास्त १२ साचतात, पुढचे वाया. हवाई हल्ल्याला ४ लागतात, जमिनीच्या हल्ल्याला ३. चोवीस तासांत एकदा तरी उघडायचं. आणि तुझ्या देशाची वेळ UTC वर असेल तर खरेदीचा दिवस बदलतो आपल्या पहाटे ५:३० ला. ५:२० ला आजची प्लेन घे, ५:३५ ला उद्याची. समोरच्याला एकदम दोन दिवसांचा माल दिसतो.

कोठीवाला
रात्रपाळीच्या लाईनीवर ओलीत करणाऱ्याला ते सोपं आहे, मोटर बंद करायला उठलास की घेऊन टाक.