विषय: जानेवारीचं गेट-टुगेदर, "हार्बरसारखी" जागा हवी

अद्वैत, घणसोली

मंडळी नमस्कार,

इंग्लंडातल्या ब्रिस्टलहून कायमचे परत आलेले आणि सुट्टीपुरते येणारे असे आपण ठाणे-नवी मुंबईत आता बऱ्यापैकी झालोय, जानेवारीत भेटायचं हे दिवाळीतच ठरलं होतं, तेव्हा आता तारीख घेऊन टाकू. 26 जानेवारीला सगळ्यांना सुट्टी असते, तीच धरू या का? माझी मागणी एकच, हॉल नको. तो एसी, त्या पांढऱ्या कव्हरवाल्या खुर्च्या आणि पनीर बटर मसाला, नको वाटतं. तिथल्या बंदराकाठी, हार्बरसाइडला आपण जायचो ते सायडर (सफरचंदाची हलकी दारू) आणि पिझ्झाचं ठिकाण आठवा, कॉलेज ग्रीनच्या हिरवळीवर राजा राममोहन रॉय यांच्या पुतळ्यापाशी जमायचं आणि तिथून गप्पा मारत खाली पाण्याकडे उतरायचं, बाहेरची लाकडी बाकं मिळाली तर मिळाली नाहीतर सरळ धक्क्यावर पाय सोडून बसायचं, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड. तसंच इथे करू की. आपल्याकडे एवढी मोठी खाडी आहे, नेरूळ जेट्टीकडे, पाम बीच रोडला, नाहीतर ठाण्यात कोलशेतकडे, कोणाच्या बघण्यात जागा असेल तर सांगा. सायडरचं मी बघतो.

अद्वैत

---

शुभदा, नौपाडा

अद्वैत, अरे सायडरचं तू बघशील, ओहोटीचं कोण बघणार?

तू कधी विचार केलायस का की हार्बरला पाणी सकाळ-संध्याकाळ एकाच पातळीला कसं असायचं? तिथली एव्हन नदी आपल्या खाडीपेक्षा किती तरी जास्त चढते-उतरते, मुखाशी भरती-ओहोटीत 14 मीटरच्या आसपास फरक पडतो, आपल्याकडे मोठ्या उधाणाला 5 मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पूर्वी ओहोटी लागली की तिथे धक्क्याला लागलेली जहाजं चिखलात बसायची, कलंडायची, माल आतल्या आत सटकायचा. मग विल्यम जेसप नावाच्या इंजिनिअरने 1804 ते 1809 मध्ये नदीला बाजूने नवीन वाट खणून दिली आणि जुन्या पात्राला दरवाजे लावून पाणी आत अडवलं. म्हणजे आपण ज्याच्या काठी पिझ्झा हाणायचो ते बंदर खरं तर कोंडलेलं पाणी आहे, तलावच म्हण ना. खरी नदी बघायची तर क्लिफ्टनच्या झुलत्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली बघ, ऐरोली पुलावरून दिसतो तोच चिखल.

आपली खाडी कोणी कोंडलेली नाही आणि कोंडूही नये. तो चिखल उघडा पडतो, त्यात शेवाळ आणि बारीक किडे असतात, म्हणून फ्लेमिंगो येतात. 2015 पासून खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पण आला. काठाला सगळं खारफुटीचं, आणि खारफुटीपासून 50 मीटरात बांधकाम चालत नाही, हायकोर्टाचा 2018 चा निकाल आहे. तेव्हा खाडीच्या अगदी काठाला बाकं टाकून बसायची जागा तुला मिळणार नाही, आणि कोणी "आमच्याकडे आहे ना" म्हणालंच तर ती कशी झाली असेल हा प्रश्न आधी विचार.

स्थिर पाणी हवं असेल तर आमच्या ठाण्यातली तलावपाळी आहे. बोटिंग आहे, बाकं आहेत, भेळ आहे, म्हातारे-कोतारे पोरं-टोरं सगळे असतात, वातावरण अगदी हार्बरचं. पण तिथल्या कोपिनेश्वराच्या देवळाच्या दारात सायडर घेऊन बसायचा विचार करत असशील तर मी तुला ओळखत नाही.

शुभदा

---

मिलिंद, वाशी सेक्टर 17

शुभदाताईंना अनुमोदन. अद्वैत, दोन गोष्टी.

एक म्हणजे 26 जानेवारी ड्राय डे असतो रे बाबा. इतकी वर्षं बाहेर राहून एवढंही विसरलास?

दुसरं, तिथे तुझा पुतण्या सतरा वर्षांचा असताना आपल्याबरोबर जेवणासोबत अर्धा पाइंट सायडर घ्यायचा आणि ते कायदेशीर होतं, सोळा-सतराच्या मुलाला मोठ्यांनी जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा सायडर घेऊन दिलेली इंग्लंडात चालते. इथे बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25, वर पिणाऱ्याकडे परमिट पाहिजे, 1949 चा दारूबंदी कायदा अजून तसाच उभा आहे. सोसायटीच्या क्लबहाउसला केलं तर एक्साइजचा एका दिवसाचा परवाना काढा, आणि मग कमिटीतले सगळे येऊन विचारणार "काय कार्यक्रम आहे?"

मला खरं तर त्या जागेचं हेच आवडायचं की तिथे पिणं ही काही भानगड नव्हती. आजी पण बसलीय, कुत्रा पण बसलाय, पोरं क्रेनच्या खाली धावतायत, एकाच्या हातात सायडर, दुसऱ्याच्या हातात कॉफी, कोणाचंच कोणाकडे लक्ष नाही. आपल्याकडे परमिट रूम म्हटलं की काळी काच, आत अंधार आणि बाहेर रिक्षा, बायको-पोरांना घेऊन कोण जाणार? पाणी कुठलं का असेना, मला ते उजेडात बसणं हवंय. बाकी माझ्या घराला गच्ची आहे एवढं सांगून ठेवतो.

मि.

---

नीलाकाकू, पाचपाखाडी

सगळ्यांना आशीर्वाद. माझा लेक टाइप करून देतोय, मी सांगतेय.

मी मुलाकडे राहायला गेले तेव्हा ही मंडळी मला पण तिकडे घेऊन गेली होती. मला म्हणाले काकू सफरचंदाचा रस आहे. मी काही कुक्कुलं बाळ नाही, वासावरून कळतं. पण फळी छान होती हो, लाकडाची लांबट फळी, तिला भोकं पाडलेली, त्यात छोटे ग्लास बसवलेले आणि खाली खडूने नावं लिहिलेली, म्हणजे पाइंटभर न घेता सगळ्यांची चव बघायची. एक गोड, एक मधलं, आणि एक अगदी काळपट सोनेरी, किंग्स्टन ब्लॅक नावाच्या सफरचंदाचं, त्यात बुडबुडे अजिबात नव्हते. त्याचा घोट घेतला आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळली. मग शुभदाने सांगितलं की ती सफरचंदं खायची नसतातच, तुरटच असतात, सायडरसाठीच लावतात, सॉमरसेटमध्ये बागाच्या बागा आहेत. तो तुरटपणा चीजवर बरा लागतो हे मात्र खरं, पिझ्झाचं तेलकट तोंड साफ होतं. मी घोटभरच घेतलं, उगाच काही लिहू नका.

एक सांगते, मी शाकाहारी. तिथल्या पोराने विचारल्यावर खरं खरं सांगितलं की काही सायडर नितळ करायला प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन वापरतात, आणि पार्मेझान चीजमध्ये दूध साकळायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. किती वर्षं सगळे शाकाहारी म्हणून खात होते! तेव्हा इथे जे काय कराल त्यात चीज हिरव्या ठिपक्याचं आणा.

आणि आमच्या ह्यांच्या हातातला पिझ्झ्याचा तुकडा तिथल्या सीगलने उचलला होता, अख्खा, नाशपाती घातलेला. ते अजून त्या पक्ष्यावर रागावलेत. फ्लेमिंगो बरे, माणसाचं खात नाहीत.

---

केतकी, ब्रिस्टल

वाचून एकटीच हसतेय. इथे आत्ता साडेचार वाजलेत आणि मिट्ट काळोख झालाय, त्या बाकांवर चिटपाखरू नाही, पावसाची तिरकी सर मारतेय, तेव्हा फार हळवे होऊ नका, तुम्हाला आठवतोय तो फक्त जून महिना आहे.

मी 9 तारखेला येतेय. ड्युटी फ्री 2 लिटरच चालतं, म्हणजे 750 च्या दोन बाटल्या आणि 500 ची एक, बरोबर बसतं. तेवढ्यात वीस माणसांना काकूंसारखा घोटघोटच मिळेल. एक किंग्स्टन ब्लॅक आणते, जिलेटिन नसलेली, व्हीगन लिहिलंय बाटलीवर. बाकी तहान कोकमवर भागवा. नाहीतर पुण्याला मीड, म्हणजे मधाची दारू करणारे आहेत, त्यात सफरचंदाच्या रसाची पण मिळते, ती बघ अद्वैत. पुण्याचं आहे म्हणून ठाणेकरांनी नाकं मुरडू नयेत.

केतकी

---

अद्वैत, घणसोली

ठीक आहे, हरलो. आता असं करू या, कोणाची हरकत असेल तर उद्यापर्यंत सांगा, नंतर ऐकणार नाही.

26 रद्द, त्याच्या आधीचा रविवार. सकाळी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगोची बोट, ती भरतीप्रमाणे सुटते त्यामुळे वेळ त्यांना विचारून कळवतो, आपल्या सोयीने सुटणार नाही, उशिरा येणाऱ्यांनी काठावरून टाटा करायचं. मग दुपारी मिलिंदच्या गच्चीवर, म्हणजे पाणी सकाळी आणि पिझ्झा दुपारी, जमेल तेवढं हार्बर. शुभदाताई, तुमचं ते दोन दिवस आंबवलेलं पीठ हवंय, ओव्हन मी आणतो, गॅसवर लावायचा छोटा आहे, एका वेळी एकच होतो पण दोन मिनिटांत होतो. सायडर घरातल्या घरात, मोठ्यांनी, ज्यांच्याकडे परमिट आहे त्यांनी. मिलिंद, गच्चीचं सेक्रेटरींना तूच सांग, आणि चार वाजता खाली उतरा म्हणाले तर उतरायचं.

पुतण्या आता वीसचा आहे, त्याला कोकम. तो मला ब्लॉक करणार आहे.

काकू, चीज हिरव्या ठिपक्याचंच आणतो. काकांना सांगा, वाशीला सीगल थंडीत येतात, तेव्हा तुकडा दोन्ही हातांनी धरा.

किती जण येणार ते मोठी-लहान वेगवेगळी लिहून पाठवा, बोटीची तिकिटं त्याप्रमाणे काढायचीत.

अद्वैत